दाव्यासकट विकलेली गाय

११ फेब्रुवारी २०१३, सोमवार

बँकेनं नव्या वर्षाची ही डायरी दिलेली. सुंदरनानांनी ती माझ्या अंगावर टाकली. "सुग्रीवा, छावणी तू सांभाळतोस, रोज काय झालं ते लिहीत जा." छावणीचं काय लिहायचं, कपाळ? जनावरं खातात, शेण टाकतात आणि माणसं बोंबलतात. त्यापेक्षा माझ्या डोक्यात काय चाललंय ते लिहितो. इथं मधे तोंड घालायला कुणी नाही.

आज डोकं फिरलंय. टँकर दोन यायचे, आला एकच. धारूरच्या घाटाखाली या माळावर पंचक्रोशीतली गुरं आणून बांधलीत, गावच्या विहिरी संक्रांतीलाच खडखडीत झाल्यात, आणि टँकर एक! आमच्या दूध सोसायटीनं ही चारा छावणी घातली म्हणून तरी गुरं उभी आहेत. नाना सोसायटीचे चेअरमन, माझे सख्खे चुलते. काय करायचं विचारायला गेलो तर नानांच्या डोळ्यांत पाणी. म्हटलं, नाना, या पाण्यानं रेडकाचं तोंडसुद्धा भिजायचं नाही, सरका बाजूला.

मग मीच ठरवलं. दुभत्या जनावरांना आधी, मग औताच्या बैलांना, भाकड नि म्हातारी शेवटी, उरलं तर. उरलं नाही. यात अवघड काय होतं? पण रुक्मिणीबाईनं असला तमाशा केला की बास. तिचा म्हातारा बैल तसाच राहिला म्हणून माझ्याकडं बघून कडाकडा बोटं मोडली. "सुग्र्या, तुज्या तोंडात शेवटचं पानी घालाया कुनी मिळायचं न्हाई बग!" दुभती गुरं रांगेनं किती शिस्तीत पाणी पीत होती, ते एकानं बघितलं असेल तर शपथ.

१९ फेब्रुवारी

रुक्मिणीबाईचा बैल मेला. सगळी छावणी तिच्याभोवती जमली. बायका तिच्या गळ्यात पडून रडत होत्या, जसा काही घरचा कर्ता गेला.

मला काही वाटलं नाही. डायरीत खोटं कशाला लिहू? म्हातारा बैल होता, मेला. पण नुसतं उभं राहून चालत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. आजा गेला तेव्हा मी ओट्यावर बसून शेंगा खात होतो, तर आईनं सगळ्यांसमोर थोबाडीत दिली. तेव्हापासून एक केलंय, शेजारच्याचं तोंड बघायचं आणि आपलं तसं करायचं. आज नानांकडं बघितलं, त्यांनी उपरणं डोळ्याला लावलं, मीपण लावलं. रुक्मिणीबाई म्हणाली, "चुकलं बाबा माजं, तुला काहीबाही बोलले." बघा! उपरण्याच्या एका टोकानं काम झालं. आणि खरं काम केलं, गुरांना पाणी पाजलं, तेव्हा शिव्या. या लोकांना डोकं आहे का डोक्याच्या जागी भोपळा?

३ मार्च, रविवार

आज सकाळी छावणीत आमची गाय हरणी लाळ गाळताना दिसली. पुढचा पाय झटकत होती. खुरात बघितलं तर फोड. लाळ्या-खुरकूत.

दोनच रस्ते होते. गुरांच्या डॉक्टरांना सांगायचं, की ते सगळी छावणी अडकवून ठेवणार, आणि उद्या नाव निघणार की रोग सुग्रीवच्या गाईनं आणला. नाना थकलेत. पाडव्यानंतर चेअरमनकी सोडतो म्हणालेत, आणि त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलेलं मला बघवणार नाही. नाहीतर गप्प बसायचं. मी भर दुपारी हरणीला सोडलं. कुणीतरी विचारलं, "कुटं निघाली सवारी?" म्हटलं, माजावर आलीय, वळूकडं नेतो. दोघं हसले. ओढ्यापलीकडच्या आमच्या शेतात नेऊन बांधली.

मुक्तानं तुरटीच्या पाण्यानं तिचं तोंड धुतलं, खुरं धुतली. मुक्ता माझी बायको. हरणी तिच्याच हातात जन्मलेली. म्हणाली, "आवं, तिच्या शेजारी बाकीची गुरं हुती की. सांगाया पायजे." म्हटलं, तू तोंड उघडायचं नाहीस. ती परत खुरांकडं वळली. चांगली बाई आहे, पण विचार करत करत चुलीवरची भाकरी जाळते.

८ मार्च

व्हायचं तेच झालं. छावणीत तीन दावणींवर गुरं लाळ गाळायला लागली. दोन दावणी पाटलांच्या, एक म्हाळूची. म्हाळू धनगराचा. दुष्काळात मेंढरं विकली, आता दोन गाई आणि एक कालवड एवढंच त्याच्याकडं उरलंय. त्याची बायको सत्यभामा त्यांचं दूध आमच्याच सोसायटीला घालते.

शेडखाली बैठक बसली. नाना आपले, "डॉक्टर येऊ द्या, मग ठरवू." च्यामायला, डॉक्टर येईपर्यंत सगळी गुरं लोळतील! मी उभा राहिलो. म्हटलं, म्हाळ्याची गुरं मेंढरांमागं रानोमाळ हिंडलेली, रोग त्यांनीच आणला, आजच्या आज बाहेर काढा.

"कावून खोटं बोलता दादा?" म्हाळू म्हणाला. "मेंढरं तर दिवाळीलाच इकली. तवापासून गुरं हितंच हायत."

खरं होतं त्याचं. पण तो हळू बोलतो आणि मी मोठ्यानं बोललो. भ्यालेल्या माणसाला कुणाचंतरी नाव पाहिजे असतं, लवकर पाहिजे असतं. ते मी दिलं.

सत्यभामा पुढं आली. "सुग्रीवदादा, भाईर ना काडी हाय ना पानी. हितनं काढनं म्हंजी मारनंच की."

"मग तीन जनावरांपायी सगळी छावणी मारू का? तूच सांग."

  हिशेब सरळ होता. बैठकीत एक माणूस उलटा बोलला नाही. पाटलांची आजारी गुरं छावणीच्याच टोकाला वेगळी बांधली, तिथंच वैरण-पाणी. पाटलांना बाहेर काढून चेअरमन होता येत नसतं, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

म्हाळूनं स्वतःच्या हातानं गुरं सोडली. सत्यभामा एकेकीला नाव घेऊन बोलवत होती. नाना दुसरीकडं तोंड करून उभे. मला राग येतो तो याचाच. माझ्या जिवावर छावणी वाचवायची, आणि मान वळवून स्वतः नामानिराळं व्हायचं!

१४ मार्च

ही सत्यभामा जात का नाही? छावणीच्या काट्याबाहेर बोरीखाली गुरं घेऊन बसलीय. येणाऱ्याजाणाऱ्याला बादलीभर पाणी मागते. दोघांनी चोरून दिलं. मी बघितलं आणि बादल्या काढून घेतल्या. नियम म्हणजे नियम. बाहेरच्या गुरांना छावणीचं पाणी नाही.

दुपारी घरी आलो तर मुक्ता डोक्यावर घागर घेऊन निघालेली, घरच्या प्यायच्या पाण्याची. कुठं म्हटलं, तर सरळ सांगितलं, "सत्यभामाच्या गाईला." मी घागर उतरवून घेतली. ती असली भडकली की आमच्या लग्नाला एवढी वर्षं झाली, पण तिचा असला आवाज मी ऐकला नव्हता.

"तुमाला चूक-बरोबर कळतंय तरी का?"

आता हे कुणी ऐकून घेईल का? बारावी शिकलोय मी! म्हटलं, कळतं की! खोटं बोलू नये, दुसऱ्याचं घेऊ नये, देवळात चप्पल घालून जाऊ नये, तहानलेल्याला पाणी द्यावं, अमावास्येला नवं काम काढू नये, मुक्या जनावराला मारू नये, वडीलधाऱ्यांपुढं पाय पसरू नयेत. सगळं पाठ आहे. एका दमात म्हणून दाखवलं.

 मग म्हणाली, "आसं कसं वो म्हनता तुमी? बाजाराला जाताना सामान सांगावं तसं?"

मग कसं म्हणायचं असतं? चालीवर? उत्तर बरोबर आलं तरी बाईचं समाधान नाही. शाळेत मास्तरसुद्धा एवढे खडूस नव्हते.

२२ मार्च

म्हाळूच्या दोन्ही गाई गेल्या. आज डॉक्टरांनी सांगितलं, रोग बारीकच होता, चारापाणी मिळालं असतं तर उठल्या असत्या. म्हणजे रोगानं नाही मेल्या, तहानेनं मेल्या. मग त्यात माझा काय संबंध? रोग मी काढला, तहान काय मी पाठवली होती?

कालवड घेऊन नवराबायको पालीला गेली म्हणतात, सत्यभामाच्या मावशीकडं. बिंदुसरेच्या धरणात चिखल तरी आहे. जाताना ती छावणीच्या दारात थांबली. मला वाटलं शिव्या देईल, मी तयारच होतो. पण नुसतं माझ्याकडं बघितलं आणि गेली. शिव्या देणारा माणूस कळतो. हे काय होतं ते कळलं नाही, म्हणून चिडचिड झाली दिवसभर.

बाकी छावणीतला रोग हटला. सगळ्यांना लस टोचून झाली. डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले, "वेळेवर वेगळं केलंत म्हणून वाचलात." पाटलांनी मला हार घातला. नाना म्हणाले, "पुढचा चेअरमन सुग्रीवच." टाळ्या वाजल्या. मी हात जोडून उभा होतो आणि मनात आलं, हे संपणार कधी? हाराची फुलंपण शिळी होती.

३१ मार्च, रविवार

हरणी बरी झाली. खुरांवर वण राहिलेत, दूध आटलंय. परत छावणीत नेली तर कुणीतरी पाय बघणार, विचारणार. म्हणून आज बाजारात नेऊन विकली. पालीकडचा एक शेतकरी मिळाला, भला माणूस, जास्त घासाघीस केली नाही.

निघताना तो दाव्याची गाठ सोडायला लागला. आमच्याकडं रीत आहे, जनावर विकलं तरी दावं विकणाऱ्यानं घरी न्यायचं. दाव्याबरोबर गोठ्याची बरकत जाते म्हणतात. हे दावं मुक्तानं तिच्या निळ्या लुगड्याचं वळलेलं, त्याला कवड्या ओवलेल्या. मी म्हटलं, राहू द्या, न्या तसंच. तो घाबरल्यासारखा झाला. "दाव्यासकट? आवं, आसं कुनी देतं का?" म्हटलं, न्या हो, जुनं दावं घरी नेऊन काय त्याचा पाळणा बांधू?

घरी आलो तर मुक्तानं माझे रिकामे हात बघितले. गाय विकणार हे तिला आधीच सांगितलं होतं, तेव्हा रडून झालं होतं. आज रडली नाही. "दावंबी दिलं?" एवढंच म्हणाली. जेवायला वाढलं आणि बाहेर जाऊन बसली. आता दाव्याचंपण सुतक पाळायचं का घरात?

६ एप्रिल

मी आज कुणालातरी मारलं असतं.

सत्यभामा आली. सकाळी दूध घालायच्या वेळेला, सोसायटीच्या दारात सगळं गाव असताना. एकटीच. पायरीवर उभी राहिली आणि म्हणाली, "सुंदरनाना, मी पालीला एक गाय बगितली. गळ्यात मुक्तावहिनीच्या लुगड्याचं दावं, कवड्याचं. हरणीच हुती ती."

"हरणी इकलीय सुग्रीवनं," नाना म्हणाले. "त्यात काय?"

"पायावर वण हायती. घेनारा म्हनला, खुरकूत हून म्हैना झालाय. नाना, माज्या गाईला त्याच्या मागनं झाल्तं. पयली आजारी ह्यांची गाय. आन् भाईर काढलं आमाला."

मी म्हटलं, पालीच्या वाटेवर कवड्यांचं दावं काय एकच असतं का? गाय मी वळूकडं नेली होती, सगळ्यांनी बघितलंय. म्हाताऱ्यांत मात्र वेगळीच कुजबुज. "दाव्यासकट इकली? दाव्यासकट कोन इकतंय?" रुक्मिणीबाई तर कपाळावर हात मारून घेत होती.

आणि तेवढ्यात आमच्याच घरातून सुरुंग लागला. मुक्ता दुधाची किटली घेऊन उभी होती. ती किटली खाली ठेवून पुढं आली.

"दावं माजंच हाय," म्हणाली. "हरणीलाच पयल्यांदा झाल्तं. मी माज्या हातानं तिचं तोंड धुतलं. ह्यांनी सांगितलं कुटं बोलू नगं, आन् मी बोलले न्हाई. सत्यभामा, तुज्या गाई तडफडत हुत्या तवाबी बोलले न्हाई मी." आणि सगळ्यांसमोर तिच्या पाया पडली. माझी बायको, धनगरणीच्या पाया!

कुणी विचारलं होतं का हिला? माझं खाऊन माझ्यावरच उलटली! मी तिचा हात धरून ओढायला गेलो तर नाना मधे आले. नाना! ज्यांना कोंबडीला हुसकवायचं धाडस नाही. "सुग्रीवा, हात लावायचा न्हाई," म्हणाले. सोमवारी बैठक ठेवलीय. चेअरमनकी गेल्यात जमा.

८ एप्रिल, सोमवार

काल दिवसभर विचार केला. लोक कशाला चिडलेत ते शोधून काढायचं आणि तेवढं निस्तरायचं, एवढी साधी गोष्ट आहे. परवा सगळ्यांच्या तोंडात दावं, दावं, दावं. ठीक आहे. रीत मोडली, ती चूक मान्य करायची. माझ्यात अहंकार नाही, काय वाट्टेल ते म्हणा.

बैठकीला सगळे होते. सत्यभामा, म्हाळू, पाटील, रुक्मिणीबाई, मुक्ता बायकांत मागं. मी उभा राहिलो, हात जोडले, आवाज बारीक केला.

"माझी चूक झाली. मोठी चूक झाली. दाव्यासकट गाय विकायला नको होती. बापजाद्यांची रीत मी मोडली. पालीला जाऊन दावं परत आणतो. गावानं मोठ्या मनानं माफी द्यावी."

आणि उपरणं डोळ्याला लावलं.

 मला वाटलं, जमलं. उपरण्याच्या कडेनं बघितलं तर सगळे माझ्याकडंच बघत होते, आणि एकाच्याही डोळ्याला उपरणं नाही, पदर नाही. पाटील तेवढे खाली बघत होते.

नाना म्हणाले, "सुग्रीवा, दाव्याचं ऱ्हाऊ दे. बाकीचं बोल."

"बाकीचं काय?"

"बाकीचं, बाबा."

मी आठवून बघितलं. म्हटलं, बरं, वळूकडं नेली म्हणालो ते खोटं बोललो, तेही चुकलं. आणि गाईंचं म्हणाल तर पाऊस पडला की सोसायटीकडून दोन गाई देऊ म्हाळूला, याच्यापेक्षा चांगल्या देऊ, दुधाला जास्त. मग तर झालं?

सत्यभामा उठली. आता ओरडणार असं वाटलं. ती माझ्याशी बोललीच नाही, नानांशी बोलली. "नाना, मी भांडाया आल्ते. रातभर शिव्या जोडल्या हुत्या मनात. पर ह्या मानसाला काय बोलू? भितीला बोलल्यावानी हाय." पदर खोचला आणि निघाली. म्हाळू मागं. मग रुक्मिणीबाई. मग एकेक करून सगळे उठले. कुणी शिवी दिली नाही, कुणी धक्काबुक्की केली नाही. माफी मागून झाल्यावर उठून जातात का बैठकीतून? ही कसली रीत? दाव्याची रीत मोडली तर मी गुन्हेगार, आणि यांनी मोडली ती?

छावणी माझ्याकडून काढून घेतली. नानांनी स्वतः शेडची किल्ली मागितली.

११ एप्रिल, पाडवा

मुक्ता माहेरी गेलीय, लिंबागणेशला. आमच्या पोरीला घेऊन. जाताना पीठ दळून ठेवलं, म्हणून वाटलं दोन दिवसांत येईल. गुढी उभारायला घरात बाई नाही. मी एकटा कशाला उभारू?

छावणीवरून आलो आत्ता. दाराबाहेरूनच बघितलं. पाच जणांची कमिटी केलीय आणि पाचही जण मिळून एक टँकर वाटतात! तास तास चर्चा. दुभती गुरं हंबरतायत आणि हे विचारतात, कुणाची तहान जास्त! पहिल्या दावणीला कोण असेल? म्हाळूची कालवड. पालीहून आणलीय. दूध नाही, काम नाही, हाडांचा सापळा, आणि पहिली बादली तिला. पाटलांनी स्वतः धरली होती बादली, वीस दिवसांपूर्वी हेच मला हार घालत होते. हिशेब म्हणून काही राहिलाच नाही या गावात. पावसाळ्यापर्यंत निम्मी गुरं मारतील हे लोक आणि वरून गळ्यात पडून रडतील. लिहून ठेवतोय, बघा.

दुपारी गहिनीनाथ आला होता, मुक्ताचा भाऊ. तिचे नि पोरीचे कपडे न्यायला. म्हणजे दोन दिवसांचं नाही हे. मी चहा विचारला, नको म्हणाला. बोचकं बांधलं. दारात थांबला, घुटमळला. म्हटलं, बोल की बे, काय आहे ते.

म्हणाला, "दाजी, ताईनं येक इचाराया सांगितलंय. तुमाला रातची झोप लागती का?"

म्हटलं, लागती की. एकदम छान लागते. पाठ टेकली की सकाळच.

त्यानं माझ्याकडं बघितलं, बोचकं उचललं आणि गेला. राम राम नाही, येतो नाही. लिंबागणेशहून ऊन तुडवत एवढंच विचारायला आला होता का? झोपेचं काय विचारायचं असतं माणसाला?